शेटजींचं मानपत्र लिहायचं आहे : गावाच्या विकासातला त्यांचा वाटा नेमका कशात मोजायचा?

धुऱ्यावरचा (राळेगाव तालुका, यवतमाळ)

आमच्या गावाशेजारच्या जिनिंगवाल्या (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना चालवणाऱ्या) शेटजींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. संक्रांतीनंतर गावात सत्कार ठरला आहे. शाळेत मराठी शिकवतो म्हणून मानपत्राचं काम माझ्याकडे आलं. बसलो लिहायला. गावाची कमान, स्मशानभूमीतलं शेड, शाळेच्या दोन खोल्या, मारुतीच्या देवळापुढचा सभामंडप, दरवर्षी दहावीच्या पोरांना वह्या. अर्ध्या पानात सगळं मावलं आणि पुढे पेन चालेना.

त्याच आठवड्यात मी धाकट्या भावासोबत कापूस घेऊन त्यांच्याच जिनिंगवर गेलो होतो. पहिल्या वेच्याचा कापूस, पिकअपमध्ये दाबून भरलेला. ग्रेडरने गाडीवर चढून कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर कापूस बाहेर काढून दाबून पाहिला आणि म्हणाला, "पंधराचं मॉइश्चर आहे." ओल मोजायचं मशीन त्याच्या खिशातच होतं, ते बाहेर निघालं नाही. भाव पाडला. काट्यावर वजन झालं, त्यातून कडता, म्हणजे घटीच्या नावाने कापायचे किलो, गेला. भावाने एक शब्द काढला नाही. घरी येताना मी विचारलं तर म्हणाला, "बोलून काय करू दादा, पुढच्या आठवड्यात यालेच परत यायचं हाये."

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये कापूस घराघरात पडून होता, सरकारी खरेदीचा नंबर लागत नव्हता आणि पेरणी तोंडावर आली होती. तेव्हा याच शेटजींनी आमच्या आळीतल्या बऱ्याच घरांना बियाण्यापुरते पैसे दिले. चिठ्ठी नाही, व्याज नाही. आणि त्यांचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, आजवर कधी बुडाला नाही, त्याच संध्याकाळी हातात पडतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

मला छळणारा हिशेब वेगळाच आहे. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई (साफ कापूस) निघते, 64 किलोच्या आसपास सरकी (बी), बाकीची घट. पाच क्विंटल कापसाची 170 किलोची एक गाठ. ती गाठ ट्रकवर चढून परराज्यातल्या सूतगिरणीत जाते. सरकी तेलाच्या मिलला जाते आणि तिचीच ढेप (पेंड) पोत्यात भरून आमच्या म्हशींसाठी परत येते, गावातल्या दुकानातून आम्ही ती विकत घेतो. पंचेचाळीस वर्षांपासून ही जिनिंग चालू आहे. या पंचेचाळीस वर्षांत आमच्याकडे सरकीचं तेल काढायची एक घाणी निघाली नाही, आणि शेटजींनी यवतमाळला दोन कॉम्प्लेक्स बांधले. त्यांचा पैसा, त्यांनी कुठेही लावावा. पण गावाचा विकास कोणी केला हे लिहायची वेळ आली की हे सगळं डोळ्यापुढे उभं राहतं.

विदर्भातल्या इतर गावांतल्या लोकांना विचारतो. तुमच्या गावच्या पैसेवाल्याने, व्यापाऱ्याने, कारखानदाराने गावासाठी काय केलं, आणि तुम्ही ते कशात मोजता?

वर्धेकर

वर्धेचा माणूस जमनालाल बजाजांचं नाव घेणारच, पण पुतळ्यापुढे उभा राहून बोलत नाही. व्यवहार म्हणून बघा. ते कापसाच्या व्यापारातले शेठ होते, बच्छराजांच्या घरी दत्तक आलेले. 1928 ला त्यांनी इथलं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडलं, स्वतःच्या समाजाचा रोष पत्करून. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने मला मोठी वाटते ती 1934 ची गोष्ट. त्यांनी आपली बाग आणि बंगला गांधीजींच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाला देऊन टाकला. तीच आजची मगनवाडी. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा तिथे कामाला बसले. तेलघाणी सुधारायची कशी, हातकागद कसा करायचा, मधमाशा कशा पाळायच्या, धूर कमी करणारी चूल कशी बांधायची, यावर तिथे काम झालं. तुम्ही घाणीचं म्हणालात म्हणून आठवलं. नव्वद वर्षांपूर्वी वर्धेच्या एका कापूसवाल्याच्या बागेत खेड्यातली घाणी कशी टिकेल यावर डोकं चालवलं जात होतं.

आणि जागा दिल्यावर तिथे काय चालावं हे शेठने ठरवलं नाही. जाणत्या माणसाच्या हाती दिली. कमानीत आणि याच्यात मला हा फरक दिसतो. कमान देणारा कमानीवर राहतो.

अर्थात एवढं होऊनही 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये जे सहा आत्महत्याग्रस्त जिल्हे होते त्यात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशिम यांच्याबरोबर वर्धाही होता. एक मोठ्या मनाचा शेठ जिल्हा तारून नेत नाही, हेही आम्हीच पाहिलं.

जिनिंगवाल्याचा_पोरगा

मी तिसऱ्या पिढीतला. धुऱ्यावरचे सर, तुमच्या पोस्टने वाईट वाटलं, पण तुम्ही दोन्ही बाजू लिहिल्यात म्हणून उत्तर देतो.

आधी मॉइश्चर. दिवाळीच्या सुमाराला येणारा कापूस खरंच ओला असतो. सीसीआय (सरकारी खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ) 8 ते 12 टक्क्यांच्या आतलाच माल घेते, 8 च्या वर भाव कमी करत जाते आणि 12 च्या वर गाडी परत पाठवते. ती परत पाठवलेली गाडी संध्याकाळी आमच्याच दारात येते. आम्ही घेतो, वाळवतो, घट सोसतो. हंगाम चार महिन्यांचा. बँकेच्या सीसी लिमिटचं (खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज, विजेचा फिक्स चार्ज आणि मशीनचा हप्ता मात्र बारा महिने. कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर 5 टक्के जीएसटी आम्हीच आधी रोखीत भरतो, नंतर तो वळता होतो, पण तेवढे दिवस पैसा अडकतो. 2025 च्या ऑगस्टमध्ये कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क डिसेंबरअखेरपर्यंत उठलं. बाहेरचा कापूस स्वस्तात मिळू लागल्यावर गिरण्यांनी आमच्या गाठींना भाव द्यायचं थांबवलं. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये होता. त्या भावाने खासगीत कापूस घेऊन मला गाठ विकून दाखवा. बऱ्याच जिनिंग आता स्वतःची खरेदी सोडून सीसीआयला गाठीमागे मजुरीवर कापूस पिंजून देतात. धंदा म्हणजे तेवढाच उरला आहे.

आता ज्याचं उत्तर माझ्याकडे नाही ते. खिशातलं मशीन बाहेर न काढणं चूक आहे. कडता चूक आहे, कायद्यानेही चूक आहे. आजोबांच्या काळापासून चालत आलं, सगळे कापतात म्हणून आम्हीही कापतो. मी वडिलांना दोनदा म्हणालो. ते म्हणाले, आपण एकट्याने बंद केला तर बाकीचे भाव दहा रुपयांनी चढा दाखवून गाड्या ओढतील.

घाणीचं म्हणाल तर आमच्याकडे 1990 च्या आसपास होती. बंद पडली. लोकांनी पामतेल, सोयाबीन तेल घेतलं.

तिरोड्याची

माझी आई विड्या वळायची. आमच्या गोंदिया-भंडाऱ्याकडे शेटजी म्हणजे विडीचा कारखानदार, धानाचा मिलवाला किंवा विडीला लागणाऱ्या तेंदूपानांचा ठेकेदार. मी ज्या कॉलेजात शिकले ते एका विडी कारखानदाराने काढलेल्या संस्थेचं. ते कॉलेज नसतं तर मी बारावीनंतर घरी बसले असते, हे शंभर टक्के खरं.

पण आईचा सुपडा मला विसरता येत नाही. पान भिजवायचं, कैचीने कापायचं, जर्दा भरायचा, दोऱ्याने बांधायचं, दिवसाला सातशे-आठशे विड्या. मजुरी हजार विड्यांमागे. संध्याकाळी विड्या ठेकेदाराकडे न्यायच्या. तो मूठ उचलून बघायचा आणि वाटेल तितक्या छाटमध्ये, म्हणजे नापास, टाकायचा. छाटाची मजुरी नाही आणि छाटलेली विडी परतही नाही. आईला वाचता येत नव्हतं, कार्डावर किती मांडल्या हे मी पाचवीत गेल्यापासून वाचून सांगायची. म्हणून सर, तुमच्या ग्रेडरचा तो हात मला ओळखीचा वाटला.

अजून एक सांगते. मला मिळालेली शिष्यवृत्ती आम्ही कितीतरी वर्षं शेटजींचीच समजत होतो. ती विडी कामगार कल्याण निधीतून यायची. 1976 च्या कायद्याने उभा राहिलेला तो निधी होता, विड्यांवरच्या उपकरातून. म्हणजे आईने वळलेल्या विडीतूनच. कॉलेजात शिकवायला लागल्यावर मला हे कळलं. 2017 ला जीएसटी आला तेव्हा तो उपकर गेला.

मानपत्रात देणगी लिहा, जरूर लिहा. फक्त ती कुठून आली तेही तुम्हाला माहीत असू द्या.

खामगावचा_अडत्या

अडत्या आहे, शिव्या खायची तयारी ठेवूनच लिहितो. व्यापाऱ्याने बाजाराला शिस्त लावली हा भाग कोणी बोलत नाही. कारंजाला 1886 ला नियमन केलेला कापूस बाजार सुरू झाला, देशातला पहिला. पुढे 1897 ला वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. काटा एका जागी, सौदा उघड्यावर, हे तिथून सुरू झालं. आज हर्रासात (लिलावात) माल पुकारला जातो त्याचं मूळ तिथलं आहे.

धुऱ्यावरचा

भाऊ, शिव्या कशाला? पण त्या 1897 च्या कायद्याने ज्या समित्या झाल्या त्यांत व्यापारी होते, नगरपालिकेची माणसं होती, कापूस पिकवणारा नव्हता. शिस्त लागली ती मँचेस्टरच्या गिरण्यांना स्वच्छ माल हवा होता म्हणून. शेतकऱ्याला समितीवर जागा मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली.

वाशिमहून

जागा मिळाली, पण बसलं कोण? आमच्या तालुक्यात बाजार समितीत जो, पतसंस्थेत तोच, शाळेच्या संस्थेत तोच, आणि शिक्षकाच्या जागेसाठी किती द्यायचे हे ठरवणाराही तोच. पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या वडिलांच्या निवृत्तीच्या पैशातले चार लाख त्यात होते. शाळेत भाऊ नोकरीला, म्हणून आम्ही तक्रारीवर सहीसुद्धा करू शकलो नाही. पैसेवाला गावात असणं वाईट नाही. गावातली प्रत्येक खुर्ची त्याची असली की मग माणसाला दाद मागायला दारच राहत नाही. विकासाचं बोलताना हे आधी बोलायला हवं.

सातबारा

सरांनी बियाण्याच्या उसन्या पैशांचं सांगितलं, त्यावरून सावकारीबद्दल थोडं कामाचं. महाराष्ट्र सावकारी अधिनियम 2014 प्रमाणे परवाना असलेल्या सावकाराला शेतकऱ्याकडून तारणी कर्जावर वर्षाला 9 टक्के आणि बिनतारणीवर 12 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. गावात चालतं ते महिन्याला शेकडा तीन-पाच, किंवा बियाणं उचललं की सुगीला सवाई-दीडपट. तो सगळा व्यवहार बेकायदा. सावकारीपायी जमीन लिहून घेतली असेल तर 15 वर्षांच्या आतल्या व्यवहारासाठी जिल्हा निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. चौकशीत सिद्ध झालं तर जमीन परत मिळते. मी तीन अर्ज लिहून दिले आहेत, एकाचं वावर परत आलं. खरेदीखत असलं तरी घाबरू नका, अर्ज करा.

मेहकरचा_सोयाबीनवाला

आमच्याकडचं एक चांगलं उदाहरण द्यायचं होतं. बुलढाणा अर्बन पतसंस्था 1986 ला निघाली, व्यापारी-नोकरदार लोकांनी उभी केलेली. ठेवी-कर्ज सगळ्याच पतसंस्था करतात, पण हिने गोदामं बांधली आणि मालावर कर्ज द्यायला लागली. सोयाबीन काढणीच्या पंधरवड्यात भाव पडतो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घरात पोरीचं लग्न, दुकानदाराची उधारी, म्हणून माणूस त्याच पंधरवड्यात विकतो. गोदामात पोती लावली, पावतीवर पैसे उचलले, भाव आला की विकलं. मी चार वर्षांपासून असंच करतो. दरवर्षी फायदाच होतो असं नाही, एका वर्षी भाव उलटा खाली गेला आणि गोदामाचं भाडं अंगावर आलं. पण कधी विकायचं हे मी ठरवतो. माझ्या बापाने हे एकदाही ठरवलं नव्हतं.

ज्यांच्याकडे पतसंस्थेचं गोदाम नाही त्यांनी बाजार समितीत पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेची चौकशी करा. मालाच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम, 6 टक्के व्याज, सहा महिने मुदत. अडचण एकच असते, समितीचं गोदाम व्यापाऱ्याच्या मालाने आधीच भरलेलं असतं. शेटजींच्या जिनिंगवर उन्हाळ्यात शेड रिकामी राहते ना हो सर?

धुऱ्यावरचा

एक शेड तर बाराही महिने रिकामी असते. गाठी बांधायची जुनी प्रेस होती तिथे, आता नुसतं भंगार पडून आहे. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

धानोरा

गडचिरोलीतून लिहितो. तुमच्याकडे शेटजी गावात तरी राहतो. आमच्याकडे ठेकेदार मे महिन्यात यायचा आणि तेंदूपानं गोळा करायची फळी उठली की जायचा, तोंड दिसायचं ते पुढच्या मे महिन्यात. तेंदूच्या पुड्याला (पानांच्या जुडीला) काय भाव मिळणार हे नागपूर-रायपूरला ठरायचं.

आमच्या जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 ला सामूहिक वनहक्क मिळाला आणि 2011 ला बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात आला. त्यानंतर गावाने स्वतः बांबू विकला. नंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतः करू लागल्या. सुरुवातीला आम्हीही हिशेबात चुकलो. एका ठेकेदाराने पाने उचलली आणि अर्धे पैसे दोन वर्षं दिले नाहीत. आता आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय गोणी हलत नाही.

सांगायचं एवढंच, शेठ नको असं आम्ही म्हणत नाही. पानं घ्यायला व्यापारी लागतोच, त्याच्याएवढं भांडवल आमच्याकडे नाही. पण विकणारा एकटा एकटा न जाता गाव म्हणून गेला की तोच व्यापारी खुर्ची ओढून बसतो आणि बोलतो.

हिंगणघाट_बायपास

सगळे जिनिंगवर अडकलेत म्हणून आठवण देतो. नागपूरची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू झाली, आमच्या हिंगणघाटात बन्सीलाल अबीरचंदांची गिरणी 1881 ला. पुलगावलाही गिरणी होती. म्हणजे इथल्या कापसाचं इथेच सूत आणि कापड होत होतं, आणि ते पैसेवाल्यांनीच उभं केलं होतं. माझे आजोबा स्पिनिंग खात्यात होते. भोंग्यावर घरातली घड्याळं लावायचो. गिरणी बंद झाली तेव्हा नुसत्या नोकऱ्या गेल्या नाहीत. खानावळ, सायकल दुकान, आठवडी बाजारातली भाजीवाली, सगळ्यांचा धंदा निम्म्यावर आला. आजोबांना शेवटपर्यंत पहाटे भोंग्याच्या वेळेला जाग यायची.

कमान पाडली तर गावाचं काय अडतं?

जिनिंगवाल्याचा_पोरगा

गोदामाच्या मुद्द्यावर: आमच्याकडेही शेड रिकामी आहे. वडिलांशी बोललो. भाडं मिळत असेल तर त्यांची ना नाही. विमा कोणाचा आणि उंदीर-ओलीची जबाबदारी कोणाची, हे मात्र कागदावर हवं. मेहकरच्या भाऊंनी त्यांच्या पावतीचा नमुना टाकला तर मदत होईल, नाव झाकून टाका.

तिरोड्याची

सर, मानपत्राचं काय झालं?

धुऱ्यावरचा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, माफ करा. तुमच्या पोस्ट वाचून थेट लिहायला बसलो नाही. आधी शेटजींनाच भेटलो. सोबत भाऊ आणि गावातले दोन कास्तकार होते. मी म्हणालो, "शेटजी, मानपत्रात कमान आणि खोल्या लिहिल्या. आता तुमच्या काट्याबद्दल लिहायचं आहे, काय लिहू?" बराच वेळ ते काही बोलले नाहीत. चहा आला. मग म्हणाले, "मास्तर, पन्नास वर्षांत मले हे कोणी इचारलं नाही."

तीन गोष्टी मागितल्या. मॉइश्चरचं मशीन गाडीवाल्यासमोर लावायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा. कडता बंद करायचा. जुन्या प्रेसची शेड तारणाच्या गोदामासाठी द्यायची. पहिली जागेवर कबूल केली. गोदामाबद्दल म्हणाले, बाजार समितीच्या सचिवांना घेऊन या, बघू. ते अजून व्हायचं आहे, सचिवांनी दोन वेळा तारीख बदलली. कडत्यावर अडले. जिनिंगवाल्याच्या पोराने जे सांगितलं तेच त्यांनीही सांगितलं, मी एकट्याने बंद केला तर बाकीचे मला खाऊन टाकतील. आम्ही म्हणालो, गावाच्या गाड्या तुमच्याच दारात येतील हा शब्द आम्ही देतो. धानोऱ्याच्या भाऊंची पोस्ट तेव्हा माझ्या डोक्यात होती. ते म्हणाले, मुलाला विचारतो. मुलगा यवतमाळला असतो, त्याचं मन जिनिंगमध्ये नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

सत्कार झाला. मानपत्रात कमान एका ओळीत घेतली. 2020 ची पेरणी आणि त्याच दिवशी मिळणारा चुकारा, यांना अख्खा परिच्छेद दिला. ज्या घरांना तेव्हा बियाणं मिळालं त्यातल्या एका म्हातारीने तो परिच्छेद ऐकून शेटजींच्या पायाला हात लावला, तेव्हा शेटजींचे डोळे भरून आले. कडत्याबद्दल मी काही लिहिलं नाही. खोटं लिहिणार नव्हतो आणि सत्काराच्या दिवशी उणंही काढायचं नव्हतं.

काल भाऊ तिसऱ्या वेच्याचा कापूस देऊन आला. मला चिठ्ठी दाखवायला मुद्दाम शाळेत आला. मॉइश्चर 9.6, मशीनचा आकडा, खाली ग्रेडरची सही. वजन 11 क्विंटल 40 किलो. कडत्याच्या रकान्यात आधी 4 किलो लिहिलं होतं, त्यावर काट मारून बाजूला शून्य केलं आहे. कोणी केलं हे भावाला माहीत नाही. चिठ्ठी त्याच्या हाती आली तेव्हा ते तसंच होतं.